पिन बसली, पण वॉटचं काय?

"ताई, पिन बसतेय. चालेल ना?"

सदाशिव पेठेतल्या माझ्या दुकानात हा प्रश्न जितका येतो, तितका दुसरा कुठलाच येत नाही. विचारणारी बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षेची. गावाकडून आलेली, कॉट बेसिसवर राहणारी, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी. त्यांचे लॅपटॉप कंपन्यांनी वापरून काढलेले आणि सेकंडहँड बाजारातून घेतलेले असतात. डेलचा लॅटिट्यूड, लेनोवोचा थिंकपॅड, एचपीचा एलिटबुक. यंत्र चांगलं असतं, पण सोबतचा चार्जर कुणाचा कुणाला दिलेला. तो जळला किंवा हरवला की रूममेटचा लावायचा, नाहीतर तपकीर गल्लीत जाऊन मिळेल तो आणायचा. दुकानदार पिन लावून बघतो, दिवा लागतो, पैसे दिले जातात. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ वॉटचा चार्जर लागलाय, हे त्या सगळ्या व्यवहारात कुणी बोलतच नाही.

माझं उत्तर आधीच सांगते. व्होल्ट जुळत असतील तर कमी वॉटचा चार्जर लॅपटॉप सहसा जाळत नाही. तो लॅपटॉपचा वेग कमी करतो, बॅटरी भरायला जास्त वेळ घेतो आणि काही मॉडेलवर स्वतःच तापून मरतो. माझ्याकडे बोर्ड जळून येतात ते चुकीच्या व्होल्टमुळे आणि बनावट मालामुळे. म्हणून आधी व्होल्ट आणि वॉट यांतला फरक नीट समजून घेऊ.

चार्जर उलटा करा. बारीक अक्षरांत 'आउटपुट' अशी एक ओळ असते. तिथे १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपियर असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. १९.५ गुणिले ३.३४ म्हणजे ६५ वॉट. त्याच घराण्यातला लहान चार्जर १९.५ व्होल्ट, २.३१ अँपियर, म्हणजे ४५ वॉट. आणि मोठा १९.५ व्होल्ट, ४.६२ अँपियर, म्हणजे ९० वॉट. लेनोवोच्या चार्जरवर २० व्होल्ट दिसतात, एसर आणि आसुसच्या बऱ्याच मॉडेलवर १९.

व्होल्ट चार्जर ठरवतो, अँपियर लॅपटॉप ओढून घेतो. घरातल्या बोर्डावर २३० व्होल्ट असतात. त्याच बोर्डावर ९ वॉटचा एलईडी दिवाही लागतो आणि २,००० वॉटचा गीझरही चालतो. दिव्यात जास्त वीज घुसून तो फुटत नाही, कारण त्याला लागते तेवढीच तो घेतो. तसंच ६५ वॉटच्या लॅपटॉपला ९० वॉटचा चार्जर लावला, तर काही बिघडत नाही. चार्जरवरचा अँपियरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो याची मर्यादा. अडचण येते ती उलट बाजूने, लॅपटॉपची गरज या मर्यादेच्या वर गेली की.

व्होल्टच्या बाबतीत मात्र मी कुणाला सूट देत नाही. १९ आणि १९.५ इतका फरक लॅपटॉप चालवून घेतो. पण प्रिंटरचा २४, ३२ व्होल्टचा अडॅप्टर पिन बसते म्हणून कुणी लॅपटॉपला लावला, तर तो लॅपटॉप माझ्याकडे येणार हे नक्की. पिन बसणं हा फक्त धातूच्या मापाचा योगायोग असतो.

आता ६५ वॉट नेमके जातात कुठे ते बघू. चौदा इंची साधा ऑफिस लॅपटॉप, स्क्रीनवर पीडीएफ, मागे ब्राउझरच्या चार टॅब, एवढ्याला १० ते १५ वॉट पुरतात. व्हिडिओवर क्लास सुरू केला की गरज वाढते. एखादी मोठी फाइल उघडताना किंवा विंडोज अपडेट होताना प्रोसेसर काही सेकंद झेप घेतो, तेव्हा एकट्या प्रोसेसरलाच ४० वॉट किंवा त्याहून जास्त लागू शकतात. आणि बॅटरी रिकामी असेल तर ती भरायला आणखी ३०-४० वॉट. कंपनी ६५ वॉटचा चार्जर देते, ती काम आणि चार्जिंग दोन्ही एकाच वेळी व्हावं या हिशोबाने.

यावरून एक साधी गोष्ट निघते. लॅपटॉप बंद करून रात्री चार्जिंगला लावला, तर ४५ वॉटचा चार्जरही बॅटरी पूर्ण भरतो, फक्त वेळ जास्त घेतो. पीडीएफ वाचणाऱ्या, नोट्स टाइप करणाऱ्या मुलाला तो दिवसाही पुरतो. महिनाअखेर आहे, घरून पैसे यायचेत, रूममेटचा ४५ वॉटचा चार्जर पडून आहे, अशा वेळी मी त्या मुलाला नवा चार्जर विकत नाही. पण समोर आर्किटेक्चरची मुलगी असेल, तिचा लॅपटॉप १३० वॉटचा असेल आणि ती ६५ वॉटवर रेंडरिंग करणार असेल, तर तिला मी स्पष्ट नाही म्हणते. तिची बॅटरी चार्जर लावलेला असतानाही उतरत जाईल आणि सबमिशनच्या आदल्या रात्री लॅपटॉप रांगायला लागेल.

बॅटरी उतरत जाते ती का, हे कळायला लॅपटॉपच्या आत डोकावलं पाहिजे. मदरबोर्डवर, चार्जिंगच्या जॅकच्या जवळ, एक चार्जिंग आयसी असते. चार्जरकडून येणारा प्रवाह एका अगदी छोट्या रेझिस्टरमधून जातो आणि ही आयसी तो सतत मोजत असते. प्रवाह ठरलेल्या मर्यादेला टेकला की ती आधी बॅटरीचं चार्जिंग कमी करते. तरी भागलं नाही तर चार्जिंग पूर्ण थांबवते. त्याहूनही गरज वाढली, तर आजच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये कमी पडणारी वीज बॅटरीतून काढून चार्जरच्या विजेत मिसळली जाते. म्हणजे चार्जरचं चिन्ह दिसत असतं आणि टक्केवारी मात्र ८०, ७८, ७५ अशी खाली येत असते. मुलं घाबरतात, बॅटरी गेली म्हणतात. बॅटरी शाबूत असते, ती चार्जरचं उरलेलं काम करत असते. हे रोज चाललं तर तिची झीज मात्र लवकर होते.

पण ही मर्यादा किती, हे आयसीला कोण सांगतं? इथे लॅपटॉपचे दोन गट पडतात. काही चार्जरला विचारतात, काही विचारत नाहीत.

डेलच्या गोल पिनच्या मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. वीज त्या सुईतून येत नाही, ती पिनच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीतून येते. सुई फक्त निरोपासाठी आहे. चार्जरमध्ये एक इवलीशी मेमरी चिप असते, तिच्यात वॉट, व्होल्ट आणि अँपियर नोंदवलेले असतात आणि लॅपटॉप सुरू होताना ते वाचतो. एचपीच्या पिनमध्येही अशीच मधली सुई असते. लेनोवोच्या २०१३ पासूनच्या पिवळ्या चौकोनी पिनमध्ये चिपऐवजी एक रेझिस्टर असतो, त्याच्या रोधावरून लॅपटॉप वॉट ओळखतो. असा लॅपटॉप ४५ वॉटचा चार्जर ओळखतो, सुरू होतानाच स्क्रीनवर सूचना देतो आणि स्वतःचा खर्च आवरतो. ती सूचना इंग्रजीत असते, काही सेकंद दिसते आणि मुलं एंटर दाबून पुढे जातात. कृपा करून ती वाचत जा.

जुन्या एसर, आसुस आणि इतर कित्येक साध्या गोल पिनच्या लॅपटॉपमध्ये असा निरोपच नसतो. समोर ६५ वॉटचाच चार्जर आहे असं धरून लॅपटॉप वीज ओढतो. तिथे ४५ वॉटच्या चार्जरवर खरोखर जास्त भार येतो. चांगल्या चार्जरमध्ये संरक्षण असतं. मर्यादा ओलांडली की तो बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. त्याचा दिवा लुकलुकतो, टिकटिक आवाज येतो, स्क्रीनवर चार्जिंगचं चिन्ह येत-जात राहतं. आम्ही दुरुस्तीवाले याला "लोड घेत नाही" म्हणतो. हे दिसलं की चार्जर लगेच काढा. संरक्षण नसलेला चार्जर असं काही दाखवत नाही, तो नुसता तापत जातो.

या निरोपाच्या सुईवरून परभणीकडच्या एका मुलाची गोष्ट सांगायलाच हवी. तो आला तेव्हा म्हणाला, "ताई, लॅपटॉप फारच स्लो झालाय, विकून टाकू का?" दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका ठिकाणी फॉरमॅट मारून दिलं. दुसऱ्या ठिकाणी रॅम वाढवायला लावली, त्याचे पैसे त्याने क्लासच्या हप्त्यातून दिले होते. फरक शून्य. एक्सेलची फाइल उघडायला तो चहा पिऊन परत येईपर्यंत वेळ लागायचा. मी टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा वेग पाहिला. ०.७९ गिगाहर्ट्झ. अडीच गिगाहर्ट्झच्या वर सहज पळणारा प्रोसेसर पाव वेगावर अडकला होता. मी चार्जरची पिन ओढून बाहेर काढली आणि काही क्षणांत आकडा वर गेला. पिन लावली, पुन्हा ०.७९.

चार्जर ६५ वॉटचा होता, खरा होता, व्होल्टही बरोबर येत होते. पण पिनच्या मुळाशी वायर पिळली जाऊन निरोपाची बारीक तार आतून तुटली होती. लॅपटॉप विचारत होता आणि उत्तर येत नव्हतं. उत्तर आलं नाही की डेलचा असा लॅपटॉप चार्जर अनोळखी आहे असं धरतो, बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसर सर्वांत खालच्या वेगाला बांधून ठेवतो. त्याला ६५ वॉट मिळत असून तो अगदी कमी वॉटच्या चार्जरवर असल्यासारखा वागत होता. पिनची वायर बदलली आणि लॅपटॉप पहिल्यासारखा चालायला लागला. त्या मुलाचे रॅमचे पैसे आठवले की मला आजही राग येतो. लॅपटॉप चार्जर लावल्यावर हळू होत असेल आणि काढल्यावर पळत असेल, तर फॉरमॅटला पैसे देण्याआधी चार्जर तपासून घ्या.

बॅटरी गेलेल्या लॅपटॉपचं प्रकरण आणखी वेगळं. सेकंडहँड घेतलेल्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, नवी महाग म्हणून मुलं ती काढून ठेवतात आणि थेट चार्जरवर काम करतात. अशा लॅपटॉपला कमी वॉटचा चार्जर मुळीच लावू नये. प्रोसेसरने झेप घेतली की वाढीव वीज द्यायला बॅटरीच नसते. व्होल्ट खाली येतात आणि लॅपटॉप काही न सांगता धाडकन बंद होतो. परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म भरताना शेवटच्या दिवशी असं झालेली मुलं रडवेली होऊन माझ्याकडे आलेली आहेत. बॅटरी नसेल तर लॅपटॉपच्या लेबलवर लिहिलेल्या वॉटचा किंवा त्याहून मोठाच चार्जर हवा.

टाइप-सी पिन आल्यापासून हा सगळा गोंधळ बराच निवळला आहे, हे मी आनंदाने सांगते. या पिनवर पॉवर डिलिव्हरी नावाची पद्धत चालते. चार्जर आधी आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो: ५ व्होल्ट, ९, १५, २० आणि प्रत्येकाला किती अँपियर. लॅपटॉप त्यातलं एक मागतो आणि ठरलं की मगच पूर्ण वीज सुरू होते. त्यामुळे कमी वॉटचा टाइप-सी चार्जर लावण्यात धोका फारसा नाही. लॅपटॉप नाकारेल किंवा हळू भरेल, एवढंच. फोनचा २० वॉटचा चार्जर सहसा ९ व्होल्टपर्यंतच जातो. काही लॅपटॉप तेवढ्यावरही थोडं थोडं भरून घेतात, काही २० व्होल्ट मिळाल्याशिवाय चार्जिंग सुरूच करत नाहीत. मोठ्या अक्षरांत 'फास्ट' लिहिलेला फोनचा चार्जर लॅपटॉपला पुरेलच असंही नाही. काही फोन कंपन्यांची फास्ट चार्जिंगची पद्धत त्यांच्याच फोनपुरती असते, लॅपटॉपशी ती बोलू शकत नाही.

टाइप-सीमध्ये वॉट दोन ठिकाणी हळूच कमी होतात. पहिली जागा केबल. साधी टाइप-सी केबल ३ अँपियरची असते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्याहून जास्त न्यायला आत ओळखचिप असलेली ५ अँपियरची केबल लागते. १०० वॉटचा चार्जर आणला आणि फोनची केबल लावली, तर मिळणार ६० वॉटच. दुसरी जागा चार्जरवरचा दुसरा पोर्ट. दोन पोर्टच्या ६५ वॉटच्या चार्जरला लॅपटॉप लावला असताना शेजारी फोन लावला, की पुष्कळ चार्जर लॅपटॉपच्या वाट्याला ४५ वॉटच ठेवतात. अभ्यासिकेत एकेका बोर्डावर मुलं दाटीवाटीने बसतात तिथे हे रोज घडतं आणि लॅपटॉप मध्येच हळू का झाला ते कुणाला उमगत नाही.

आता बनावट मालाबद्दल, कारण मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची आहे.

मला ४५ वॉटच्या प्रामाणिक चार्जरची भीती वाटत नाही. भीती वाटते ती ९० वॉट लिहिलेल्या, हातात हलक्या लागणाऱ्या चार्जरची. लेबल काय, हवं ते छापता येतं. निरोपाची चिपही नक्कल करून मिळते. चार्जर सुईतून सांगतो "मी ९० वॉटचा आहे", लॅपटॉप विश्वास ठेवतो आणि निर्धास्तपणे ओढायला लागतो. आतला ट्रान्सफॉर्मर मात्र त्याच्या निम्म्या कामाचा. खरा लहान चार्जर लॅपटॉपला आपली मर्यादा सांगतो म्हणून लॅपटॉप जपून वागतो. खोट्याच्या बाबतीत ती संधीच उरत नाही.

असे जळलेले चार्जर मी उघडून ठेवते, मुलांना दाखवायला. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज आत आली की तिचं डीसी होतं आणि ते सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतं. ही धोक्याची बाजू आणि तुमच्या मांडीवरच्या १९ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये बोर्डावर काही मिलिमीटरची मोकळी पट्टी ठेवावी लागते. खऱ्या चार्जरमध्ये ती नजरेला दिसते, कधी तिथे खाच पाडलेली असते. स्वस्त नकलेत दोन्ही बाजूंचे टाके एकमेकांच्या अंगावर आलेले असतात. विजेतला कचरा गाळणाऱ्या कॉइलच्या जागी तारेचा तुकडा टाकलेला असतो. फ्यूज नसतो. उष्णता पसरवणारा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा नसतो. चार्जरमध्ये वाचवलेला प्रत्येक रुपया त्या मिलिमीटरमधून आणि त्या पत्र्यातून वाचवलेला असतो.

उष्णतेचा हिशोब साधा आहे. चांगला ६५ वॉटचा चार्जर पूर्ण भारावर सात-आठ वॉटची उष्णता बाहेर टाकतो. आतले कपॅसिटर या उष्णतेने वाळत जातात. तापमानात दर १० अंशांची वाढ झाली की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना आणि पक्का ठोकताळा आहे. बहुतेक चार्जर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. एप्रिल-मे मधली पत्र्याची खोली, गादीवर पडलेला चार्जर, त्यावर ओढलेली चादर आणि वर पूर्ण भार, या सगळ्यात तो टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका. कमी वॉटचा चार्जर वापरायचाच असेल, तर तो फरशीवर किंवा टेबलावर मोकळा ठेवा. त्यावर बोट ठेववत नसेल, तर थांबा.

मग विकत घेताना बघायचं काय? व्होल्ट तेच, वॉट तेवढे किंवा जास्त, पिन तीच, हे झालंच. त्याखेरीज भारतीय मानक ब्यूरोची (बीआयएस) खूण आणि तिच्यासोबत 'आर' अक्षर आणि आठ आकडी क्रमांक बघा. आपल्या देशात अडॅप्टरला ही नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर तो क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. तिथे लॅपटॉपच्या कंपनीऐवजी डेल्टा, लाइट-ऑन किंवा चिकोनी असं नाव आलं तर दचकू नका. मोठ्या कंपन्यांचे बरेचसे चार्जर अशा तैवानी कंपन्या बनवतात. क्रमांक सापडलाच नाही, किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर तो चार्जर काउंटरवरच सोडून या. दीड हजाराचा खरा चार्जर परवडत नसेल, तर खरा पण सेकंडहँड घ्या, तोही चारशे रुपयांच्या कॉपीपेक्षा मला बरा वाटतो.

युरोपियन युनियनने २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना टाइप-सी चार्जिंग बंधनकारक केलं आहे. आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात मात्र गोल आणि चौकोनी पिनचे लॅपटॉप अजून बरीच वर्षं फिरत राहतील. आज ज्यांच्या हातात ते आहेत, त्यांना माझी एकच विनंती आहे. चार्जर चांगला चालू आहे तोवरच त्याच्या लेबलचा एक स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि लॅपटॉपच्या पोटाखालच्या लेबलचाही काढा. वापरून वापरून ही अक्षरं पुसली जातात, आणि ती पुसली गेल्यावर नवा चार्जर पिन बघूनच घ्यावा लागतो.